सात नंबरची लांडोर

२७ ऑक्टोबर
सकाळी शाळेच्या गच्चीवर. रिसीव्हरच्या पेटीवर माकडांनी घाण केली होती, ती पुसली. आपल्या गावच्या, सेन्सर लावलेल्या नऊच्या नऊ लांडोरी सुरू. ताप, हालचाल, जागा, दर दहा मिनिटांनी तिन्हींचा हिशेब माझ्या फोनवर आणि तिकडे हैदराबादला प्रोजेक्टच्या मॅडमकडे. आठवी जरा मंद वाटली, पण दुपारी उडाली.
नं. ७ नेहमीप्रमाणे आपल्याच शेतात. उन्हाळ्यात तिच्या पाठीवर सेन्सर मीच बांधला, मॅडम शेजारी उभ्या राहून फक्त बघत होत्या. नं. ७ च्या उजव्या पायाचं एक बोट वाकडं. तेव्हापासून तिच्यावर जीव जडलाय, हे मॅडमना सांगितलं नाही. कामात जीव लावायचा नसतो म्हणतात.
बाबा मात्र तिच्यावर दात खाऊन. हरभरा पेरला तो तिने आणि तिच्या मैत्रिणींनी उकरून खाल्ला. "तुह्या पोरी हायेत, तूच समजाव त्याईले."

३० ऑक्टोबर
बाबांनी हरभरा दुसऱ्यांदा पेरला. दिवसभर डबा वाजवत शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभे. जेवायला आले ते भिंतीला टेकूनच बसले. अडुसष्टचं वय. म्हटलं, मी उभी राहते उद्या. तर म्हणे, "तू त्याईचा ताप मोज. माह्या तापाले कोनी पेटी बसवली नाई."
हसले मी. आई हसली नाही.

२ नोव्हेंबर
लिहिते. कुठेतरी लिहिलं पाहिजे.
सकाळी साडेआठला फोनवर लाल खूण. नं. ७, दोन तासांपासून हालचाल नाही, ताप उतरतोय. जागा आपलं शेत, नाल्याकडचा धुरा. पळत गेले. पळसाच्या बुडाशी पडली होती, चोच उघडी, डोळे उघडे. पाय ताठ. ते वाकडं बोटसुद्धा. बाजूला मातीत ज्वारीचे दाणे, निळसर. वास आला. कपाशीवर फवारायच्या औषधाचा.
बाबा मागे उभे होते. काही विचारावं लागलं नाही.
"मले वाटलं तोंडाले कडू लागंल अन् पळून जातीन."
मी काय बोलले आठवत नाही. ओरडले असेन. बाबा मटकन खाली बसले आणि निळे दाणे एकेक वेचून धोतराच्या सोग्यात घ्यायला लागले. "मोराची केस हाय माय ही. जेल हाय. पट्टाही घेतीन." जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून राबलेला माणूस. सरकारने दिलेली ही दोन एकर आमच्या घराण्यातली पहिली जमीन. पट्ट्याचा कागद बाबा प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत ठेवतात.
नियम साधा आहे. पक्षी मेला किंवा सेन्सर गळून पडला, तर त्याच दिवशी टीम येते. माती उचलतात, दाणा उचलतात. फॉरेस्टवाले सोबत.
मी चाकूने तिच्या पाठीवरच्या सेन्सरचे पट्टे कापले. सेन्सर हातात, आणि करायचं काय? नाल्यात टाकला तर नाल्यातून बोलणार. घरी नेला तर घरातून. तो गप्प बसत नाही, हेच तर त्याचं काम.
तेवढ्यात आई आली, काखेत तांबडी कोंबडी. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "हिले बांध."
वेड्यासारखी बघत राहिले. "अवं हिच्या आंगातही ऊब हाय. हीबी चालते. तुह्या मॅडमले तिकडून पिसं दिसतेत काय?"
बांधला. मॅडमनी शिकवलं तसाच. दोन्ही पंखांखालून नवा पट्टा, छातीवर गाठ, बोट आत जाईल एवढी ढील, सेन्सर पिसांत झाकलेला. माझा हात अजिबात कापला नाही, याची जास्त लाज वाटते.
नं. ७ ला बाबांनी पुरलं. कुठे ते मी पाहिलं नाही, पाहायचंही नाही.

३ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. वाटलं, कळलं त्यांना. पण त्या आनंदात! "सुमन, सात नंबर देखा? दो घंटे बिलकुल डाउन, फिर रिकवर! क्या फाइटर है!"
जी मॅडम म्हटलं.
दुसरं काय म्हणणार होते.

६ नोव्हेंबर
लांडोर दिवसभर एका अंगणात राहत नाही. म्हणून तांबडीला फिरवावं लागतं. सकाळी बाबा तिला टोपल्यात घालून धुऱ्यापर्यंत नेतात, पायाला दोरी बांधून सोडतात, दुपारी नाल्याकडे, दिवेलागणीआधी, लांडोर झाडावर झोपते म्हणून, घरामागच्या मोहाच्या खालच्या फांदीवर. ती उतरते. पुन्हा चढवतात.
शेजारची कासाबाई रस्त्यात उभी राहून हसत होती. "काय वो, लोक शेळ्या चारतेत, तुमी कोंबडी चारून राह्यले काय?" बाबा म्हणाले, "अळ्या लय झाल्या हरभऱ्यात. खाते बिचारी." कासाबाईला पटलं. तीही आता दोन कोंबड्या घेऊन येते म्हणते.
घरी आल्यावर मी पोट धरून हसले. मग हसू रडण्यात कधी गेलं कळलं नाही. आई पाठीवरून हात फिरवत होती पण तिचा हात मला नको होता.

११ नोव्हेंबर
आठ पक्ष्यांची नोंद खरी, एकाची खोटी. रोज सही तीच. वाटलं होतं दोन-चार दिवसांत काहीतरी सुचेल. सुचलं काही नाही, फक्त सवय झाली.
हरभरा उगवला. छान उगवला. बाबा शेताकडे बघतही नाहीत.

१७ नोव्हेंबर
नार्नूरकडच्या दोन लांडोरी गेल्या. तिकडची नोंद ठेवणाऱ्या मुलाने कळवलं. पोहोचेपर्यंत कोल्ह्या-कुत्र्यांनी खाल्ल्या होत्या. सेन्सर आणि पिसं तेवढी मिळाली. तपासायला काही उरलं नाही.
मॅडमना रोगाची शंका. रानातून रोग गावच्या कोंबड्यांत उतरायच्या आत कळावा, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

१८ नोव्हेंबर
नार्नूरच्या दोघींचे आलेख उघडून पाहिले. आधी हालचाल जोरात, झटके दिल्यासारखी. मग एकदम सपाट. मग ताप हळूहळू खाली. नं. ७ चा दोन तारखेचा आलेख शेजारी ठेवला.
तेच. अगदी तेच.
रोग नाही हा. तिकडेही कुणाच्या तरी बापाने दाणे भिजवले आहेत. आणि हे अख्ख्या प्रोजेक्टमध्ये फक्त मला माहीत आहे.

२४ नोव्हेंबर
पहिल्या बसने आदिलाबाद, मीटिंग. मॅडम हैदराबादहून आलेल्या. भिंतीवर मोठा आलेख: नार्नूरचे दोन खाली गेलेले, आणि नं. ७ खाली जाऊन वर आलेली. मॅडम म्हणाल्या, तिघींना एकच आजार झाला, दोघी गेल्या, एक वाचली. वाचली ती कशी? तिच्या रक्तात काहीतरी असणार. "सुमन की सात नंबर हमें जवाब देगी." टाळ्या वाजल्या. मला उभं राहायला लावलं.
उभी राहिले. भिंतीवर जी रेघ वर चढताना दिसत होती, ती आईच्या काखेतून आलेली.
चहाच्या वेळी सांगायचं ठरवलं होतं. मॅडम स्वतः कप घेऊन आल्या, खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या तुमचा करार मी पुढे वाढवतेय, पत्र गेलंय. माझं तोंड उघडलं आणि त्यातून थँक यू मॅडम बाहेर पडलं.
परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तामसीपर्यंत बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही.

१ डिसेंबर
बाबांना नार्नूरचं सांगितलं. आलेख दाखवले. त्यांना आलेख कळत नाही, पण रेघा सारख्या आहेत हे कळलं. रेघांवरून बोट फिरवलं.
"म्हंजे आनखी मरतीन?"
मरतील, म्हटलं. जोवर मॅडम रोग शोधताहेत तोवर दाण्यांकडे कुणी बघणार नाही.
"तू सांगितलं तं मी जातो जेलात. नाई सांगितलं तं..." उठून तांबडीला आणायला गेले.
मला त्यांचा राग येतो. खूप येतो. आणि ते वाकून टोपलं उचलतात तेव्हा लगेच कीव येते. दोन्ही एकदम कसं सहन करायचं?

२ डिसेंबर
आईशी भांडण. ती म्हणते पाखरापायी बाप विकशील काय. मी म्हटलं तूच कोंबडी आणलीस. ती म्हणाली, "मंग तवा काय पोलीस आनाचे होते?"
बरोबरच आहे तिचं. सेन्सर बांधला तर मीच.

६ डिसेंबर
महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. मेणबत्त्या लावल्या. मग पंचशील. बाबा गावात पुढे उभे राहून म्हणणारे, सगळे त्यांच्यामागून म्हणतात. आज पहिल्याच शीलाला, प्राणिहत्येपासून दूर राहीन या ओळीला, त्यांचा आवाज बसला. खाकरले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बसला. लोकांना वाटलं सर्दी. कासाबाईच्या नवऱ्याने पुढचं म्हटलं.
चौथ्या शीलाला मी ओठ मिटले. खोटं बोलणार नाही, हे बाबासाहेबांच्या फोटोसमोर म्हणण्याची हिंमत झाली नाही.
परत येताना मी आणि बाबा एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून चाललो. भांडण नव्हतं. नुसतंच.

९ डिसेंबर
नवीन संकट. तांबडी खुडूक झाली.
अंडी घालते त्या टोपल्यातून कालपासून उठतच नाही. पिसं फुगवून बसून राहते. उचललं की चोच मारते. धुऱ्यावर नेली तर तिथेच जमिनीला चिकटून बसली, सोडताच दोरी तोडून घरी पळाली आणि पुन्हा अंड्यांवर. फुगलेल्या पिसांखाली सेन्सरला ऊब. फोनवर: नं. ७, ताप वाढलेला, हालचाल जवळपास शून्य. लाल खूण.
मॅडमचे तीन मेसेज. पुन्हा आजारी पडली का? जवळ जाऊन बघा, फोटो पाठवा.
कसला फोटो पाठवू?
मेसेज टाकला की आमच्या घरामागच्या झुडपात आहे, दिसत नाही. टोपल्यासमोर बसून लिहिलं.

१० डिसेंबर
आई म्हणे खुडूक मोडायची असेल तर थंड पाण्यात बुचकळा. बुचकळली. आमच्या डोक्यात अक्कल नाही हे आज सिद्ध झालं. ताप धाडकन खाली. दुसरी लाल खूण. तिकडे मॅडमना वाटलं पक्षी जातोय. फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. "सुमन, प्लीज, उसको अकेला मत छोड़ना."
नाही सोडणार म्हटलं. ते तरी खरं होतं. दिवसभर तिला चुलीजवळ कोरडी करत बसले.
अंडी बाजूला काढली तर रिकाम्या टोपल्यावर बसते. परत ठेवली शेवटी. तिला बिचारीला काय ठाऊक तिच्या बसण्या-उठण्यावर हैदराबादेत बैठका होतात.

११ डिसेंबर
मॅडम येताहेत. चौदाला सकाळी. सोबत जनावरांचे डॉक्टर, जाळं, हातातला अँटेना. नं. ७ ला पकडून रक्त काढणार. फॉरेस्टला कळवलंय.
मी म्हटलं, मॅडम मी शोधते आधी. म्हणाल्या, तुम्ही खूप केलंत.

१२ डिसेंबर
नार्नूरची तिसरी गेली आज सकाळी. तोच आलेख. ह्यावेळी मी पूर्ण बघितला नाही.
बाबांनी कात्री आणली. आईच्या शिवणाची. समोर ठेवली. "पट्टा काप. नाल्यात टाक. तुटला म्हनून सांग. कोंबडी कोंबडीसारखी राहीन, लांडोर गेली कुठं त्याईले काय मालूम." विचार करून आले होते. महिनाभर लोटलाय, धुऱ्यावर दोन पाळ्या पाणी दिलंय, मातीत आता काही सापडणार नाही.
सुटका आहे. खरोखर आहे. कात्री चालवायला किती वेळ लागतो?
तांबडीला मांडीवर घेतलं. गाठ पिसांत शोधली. पण पट्टा कापला की नं. ७ कायमची जिवंत राहणार. वाचलेली, उडून गेलेली, रक्तात औषध असलेली. मॅडम तिला वर्षभर शोधतील. आणि तिकडे दाणे पडत राहतील.
"काऊन थांबली?" बाबा.
तांबडीला परत टोपल्यात ठेवलं. कात्री आईने उचलून आत नेली.

१३ डिसेंबर
कुणी कुणाशी बोलत नाही. आईने दोनदा चहा केला, दोनदा तसाच राहिला.
मी दिवसभर पाठ करत होते. मॅडम, एक बात बतानी है. मॅडम, मुझसे गलती हुई. पुढे जातच नाही. गाव माझंच, घर माझंच, आणि दार सताड उघडं. तरी वाटतं कुणी बाहेरून कडी घातली आहे. कडी कुणी घातली म्हणाल तर आम्हीच.
दुपारी बाबा शेतावर जाऊन आले. पायाला नाल्याकडची काळी माती. नं. ७ ला पुरलं तिकडे गेले असणार.

१४ डिसेंबर, सकाळ
सात वाजता उठले तर बाबा आंघोळ करून, पांढरं धोतर-सदरा घालून ओट्यावर. पट्ट्याचा कागद पिशव्यांसकट मांडीवर. शेजारी टोपलं, टोपल्यात तांबडी, अंड्यांवर. सेन्सर पाठीवर तसाच.
म्हटलं, कुठे निघालात?
"कुठंच नाई. त्या येऊन राह्यल्या न?"
मग, "मॅडमले मराठी येते काय?"
नाही. तेलुगू, हिंदी.
"मंग तुलेच सांगा लागंल. माह्या हिंदीत हे बसत नाई. मी मराठीत सांगतो, तू तिकडे सांगजो. काही गाळजो नको."
मी दाराला टेकून उभी. आई आत भांडी आपटत होती, ती थांबली.
बाबांना म्हटलं, तुमचं नाव शेवटी घेऊ. आधी मी. सेन्सर मी बांधला, रोज सही मी केली, टाळ्या मी घेतल्या. ते ऐकल्यावर कदाचित पुढचं कुणी विचारणारही नाही.
बाबांनी मान हलवली. "दाने मी भिजवले. तिथूनच चालू हाय हे सगळं. नार्नूरच्या लोकायलेबी तेच कळलं पायजे."
मॅडमचा मेसेज: तामसी पार केलं. वीस मिनिटं. सिग्नल छान येतोय म्हणतात. येणारच. अँटेना धरून चालल्या तर आमच्या ओट्यावरच येऊन पोहोचतील.
ओट्यावर बसूनच लिहितेय. जीप शाळेजवळ वळलेली दिसली. मागे फॉरेस्टची गाडी.
बाबा विचारताहेत, "पयलं वाक्य कोनतं सांगनार हाय? माह्यावालं का तुह्यावालं?"
म्हटलं, ठरलं नाही अजून.